गोष्ट कोणाच्या तोंडची?

गोष्ट सांगून झाली कीं तिचें तात्पर्य विचारावयाचें, ही आपल्या शाळांची फार जुनी चाल आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं 1828 सालीं इसापाच्या कथा मराठींत आणल्या. तेव्हांपासून कोल्हा, कावळा, सिंह, उंदीर या मंडळींनीं मुलांच्या कित्येक पिढ्यांना नीति शिकविली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु तात्पर्य हातीं लागलें कीं गोष्टीचें काम संपलें, अशी समजूतहि त्याबरोबर रूढ झाली. ही गोष्ट सांगतो कोण, त्याला ती कळली कशी आणि तो ती कोणाला सांगत आहे, हे प्रश्न वर्गांत क्वचितच निघाले.

वास्तविक आपल्या जुन्या वाङ्मयास हे प्रश्न अपरिचित नव्हते. पंचतंत्रांत विष्णुशर्मा तीन राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणें करण्याचा विडा उचलतो. पण त्याच्या कथांतील प्राणी स्वतःच गोष्टी सांगूं लागतात आणि प्रत्येकाचा त्यांत कांहीं तरी मतलब असतो. दमनकाला सिंह व बैल यांची मैत्री तोडावयाची असते. त्याच्या गोष्टी त्यासाठींच. अशाच्या तोंडची गोष्ट कितपत खरी मानावी, असें विचारल्याबरोबर आठवीच्या वर्गांतील पेंगणारा मुलगाहि मान वर करील. सभासदानें सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें, तें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. ऐकणारा धनी चरित्रनायकाचा पुत्र आहे, हें ध्यानांत ठेवून ती बखर वाचली म्हणजे तिच्यांतील आदबीचा सूर नीट ऐकूं येतो.

पुढें कादंबरीच्या काळांत हा प्रश्न जिव्हाळ्याचा झाला, तो दोन यमुनांमुळें. पहिली यमुना 1857 सालची. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' या पुस्तकांतील ही नायिका पतीबरोबर प्रवास करते व ठिकठिकाणच्या विधवांचें दुःख पाहते. ग्रंथकाराची कळकळ खरी आहे. पण यमुनेची हकीकत तोच सांगतो, आणि त्या दुःखाच्या पाठोपाठ त्याचा उपदेशहि येतो. दुसरी यमुना तेहतीस वर्षांनीं आली. हरि नारायण आपटे यांनीं 1890 सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें व त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापावयास आरंभ केला. आपटे त्या वेळीं सव्वीस वर्षांचे होते. 'मधली स्थिति' या आपल्या पूर्वीच्या कादंबरींत त्यांनीं ग्रंथकर्त्याच्या नात्यानें कथा सांगितली होती. या खेपेस त्यांनीं ती जागा सोडली आणि लेखणी यमुनेच्या हातीं दिली.

एवढ्या एका फरकानें काय साधलें, हें हायस्कुलांतील मुलांना समजावून देण्यास दोन तास खर्ची पडले तरी हरकत नाहीं. या कादंबरींत यमुना एक नसून दोन आहेत. सांगणारी यमुना सर्व भोगून बसलेली आहे. जिची हकीकत ती सांगते ती यमुना परकर नेसणारी पोर आहे. पोरीला पुढचें कांहींच ठाऊक नाहीं, सांगणारीला वैधव्य आणि बळजबरीचें केशवपन, सारें ठाऊक आहे. म्हणून बालपणींचा हंसण्याजोगा प्रसंगहि वाचणाराच्या काळजाला लागतो. त्रयस्थ ग्रंथकारास यासाठीं पानेंच्या पानें हळहळावें लागलें असतें. अर्थात् ही स्त्रीची वाणी एका पुरुषानें कल्पिलेली आहे, हेंहि मुलांना सांगितलेंच पाहिजे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 सालीं निघाल्या आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग 1934 सालीं. त्यांतील एकेक पान आपट्यांच्या पानाशेजारीं ठेवावें. अनुभव कोठें बोलतो आणि अनुमान कोठें, याची पारख मुलें आपली आपणच करूं लागतात.

इकडे परीक्षेच्या निबंधांत 'मी' बोलत नाहीं असें नाहीं, फार बोलतो. फाटकें पुस्तक, वठलेला वड, बंद पडलेलें घड्याळ हीं सगळीं आत्मवृत्तें सांगतात, आणि सगळ्यांचा आवाज एकच, तो म्हणजे मार्क मिळवूं पाहणाऱ्या मुलाचा! पुस्तकाला वाचकाचे फक्त हात आणि डोळे दिसावेत, घड्याळाला एकाच भिंतीवरून खोली दिसावी, हा विचारच त्यांत नसतो. त्यापेक्षां कावळा व कोल्हा यांची जुनीच गोष्ट घ्यावी. एका मुलानें ती कावळ्याच्या तोंडून सांगावी, दुसऱ्यानें कोल्ह्याच्या, आणि तिसऱ्यानें ज्या घरांतून तो खाऊ पळविला त्या घरच्या बाईच्या. त्या बाईला कोल्हा माहीतच नाहीं. तिची गोष्ट चोरीपाशींच थांबते, आणि अडचण येथेंच सुरू होते. शिकण्यासारखेंहि येथेंच आहे.

शाळेंतील लेखणीनें 'मी' किंवा 'आम्ही' सोंगावांचून लिहिलें, असें एक उदाहरण मात्र फार पूर्वींचें आहे. पुण्यांत जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजांतील मुलीचा निबंध 1855 सालीं 'ज्ञानोदया'ंत छापला गेला. म्हणजे पदमनजींच्या यमुनेच्याहि आधीं दोन वर्षें. मांग-महारांचें दुःख हा त्याचा विषय. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असें ती पंडितांना विचारते. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हां घरावर छप्परहि नसतें, हें सांगते. तिला वडाच्या किंवा पुस्तकाच्या तोंडून बोलण्याची गरज पडली नाहीं. तो निबंध आजहि उपलब्ध आहे. वर्गांत तो मोठ्यानें वाचावा, आणि मग मुलांना एकच काम द्यावें. आरंभीं ही मुलगी पंडितांशीं बोलते. पुढें ती आपल्याच लोकांकडे वळते आणि त्यांना अभ्यास करावयास सांगते. हें वळण कोणत्या वाक्यापाशीं येतें तें शोधून त्या वाक्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढावी.