गंजीफ्रॉकचं माहेर

आजोबा आंघोळ करून आले की आतूनच विचारायचे, "अगं, माझा गंजीफ्रॉक कुठाय?" आजी दोरीवरून तो पातळ, पांढरा, काखेत जरा विरलेला सुती कपडा काढून द्यायची. पुरुषाच्या कपड्याला फ्रॉक का म्हणायचं, हे कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. त्याचं उत्तर निघालं थेट इंग्लिश खाडीतल्या एका बेटावर.

गर्न्सी हे त्या बेटाचं नाव. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं, पण ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीतलं. तिथल्या विणलेल्या लोकरी मोज्यांना सोळाव्या शतकापासून इंग्लंडात मागणी होती. याच विणकामातून तिथल्या कोळ्यांचा लोकरी सदरा आला. त्या काळच्या इंग्रजीत डोक्यातून घालायच्या कष्टकऱ्यांच्या सदऱ्यालाही फ्रॉकच म्हणत, म्हणून हा 'गर्न्सी फ्रॉक'. खलाशांबरोबर हे नाव बंदरोबंदरी गेलं. गर्न्सीचं आपल्याकडे गंजी झालं, बंगालीत गेंजी झालं; मराठीनं मात्र फ्रॉकसुद्धा सोडला नाही. शेजारच्या जर्सी बेटाच्या नावाचंही असंच झालं.

मूळ गर्न्सी सदरा नीट न्याहाळावा असा आहे. पीळदार लोकरीची वीण इतकी घट्ट, की वारा आणि पाण्याचे तुषार सहज आत शिरत नाहीत. धड गोल विणलेलं, त्यामुळे कुशीला शिवण नाही. जाळं ओढताना हात वर गेला तरी कापड तटतटू नये म्हणून काखेत चौकोनी तुकडा. पुढची आणि मागची बाजू सारखीच, म्हणजे कोपर झिजलं की सदरा उलटा फिरवून घालता येतो. बाह्या खांद्यापासून खाली विणलेल्या, कारण आधी झिजतात ती मनगटं. तेवढीच उसवून पुन्हा विणायची. समुद्रावरच्या गार वाऱ्यात राबणाऱ्या माणसाचा किती बारीक विचार आहे हा!

आपल्या उकाड्यात नाव टिकलं, ताणली जाणारी वीणही टिकली, लोकर मात्र गेली आणि तिच्या जागी सूत आलं. मुंबईच्या घामाला ते योग्यच होतं. गडबड होते ती तोच सुती गंजीफ्रॉक घालून आपण थंडीत डोंगर चढायला निघतो तेव्हा.

डिसेंबरातल्या एका रात्री मी तसाच कळसूबाई चढलो. उंची 1646 मीटर, वरून जाडजूड जॅकेट. शिड्या चढताना घामानं न्हालो, आणि माथ्यावर सूर्योदयाची वाट बघत बसल्यावर तोच गंजीफ्रॉक पाठीला ओल्या फडक्यासारखा चिकटला. दात वाजायला लागले. जॅकेटचा काही दोष नव्हता. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास 30 टक्के बाष्प तंतूंच्या पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि ते घेताना थोडी उष्णता सोडते. आपल्या धनगरांना हे ठाऊकच आहे. घोंगडीची खोळ घेऊन ते भर पावसात मेंढरांमागे उभे असतात. फक्त दख्खनी मेंढीची लोकर भरड, ती नुसत्या अंगाला टोचते.

दुसरी वाट नॉर्वेत सापडली, आणि तीही कोळ्यांच्याच सामानातून. 1933मध्ये हेन्रिक ब्रून या लष्करी अधिकाऱ्यानं मासेमारीच्या जुन्या जाळ्यांची बंडी केली. जाळीच्या भोकांत हवा अडकते, तिचीच ऊब होते. उकडलं की वरच्या कपड्याचा गळा मोकळा करायचा, वाफ निघून जाते. या बंड्या करणाऱ्या कंपनीचं नाव ब्रिन्ये, म्हणजे नॉर्वेजियन भाषेत कड्यांचं चिलखत. 1953च्या एव्हरेस्ट मोहिमेत गिर्यारोहकांच्या अंगात अशाच जाळीच्या बंड्या होत्या. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात कापडापेक्षा रिकामी जागा जास्त काम करते.

सत्तरच्या दशकात पॉलिप्रॉपिलीनचे आतले कपडे आले. ते पाणी जवळजवळ पीतच नाहीत, पण घामाचा वास धरतात. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडच्या मरिनो लोकरीनं पुन्हा जागा मिळवली. तिचा तंतू साधारण 20 मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणून तो टोचत नाही, आणि दोन-तीन दिवस घातला तरी वास येत नाही.

तेव्हा थंडीत डोंगरावर, पक्षी बघायला किंवा रात्री दुर्बिणीपाशी बसायला जाणार असाल, तर आधी अंगाला लागून काय घालताय ते बघा. लेबलावर कॉटन दिसलं की तो कपडा परत ठेवा. मरिनो परवडत नसेल तर पॉलिस्टरचा साधा, अंगासरशी बसणारा टी-शर्टसुद्धा सुतापेक्षा बरा. आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा. तो चालताना घालायचा नाही, मुक्कामाला पोचल्यावरच काढायचा.