पाण्याच्या दाराचा शोध

मधुमेह नसतानाही काही माणसे अहोरात्र पाणी पितात आणि तितकेच लघवीवाटे गमावतात. १९१३ साली इटली व जर्मनीतील वैद्यांनी अशा रुग्णांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला आणि लघवी आटोक्यात आली. अर्कातील ते संप्रेरक म्हणजे व्हॅसोप्रेसिन. पण त्याचा सांगावा पोहोचल्यावर मूत्रपिंडाच्या नलिकेतील पाणी कोणत्या वाटेने पेशीत शिरते, हे कोडे पुढे ऐंशी वर्षे सुटले नाही.

दार सापडले ते भलतेच शोधताना. बाल्टिमोर येथे पीटर अ‍ॅग्रे रक्तातील ऱ्हीसस प्रथिनाच्या मागे होते. १९८८मध्ये हाती एक अनोळखी प्रथिन लागले. योगायोग खरा, परंतु ते बाजूला न टाकण्याची जिज्ञासा अ‍ॅग्रे यांची. तेच प्रथिन मूत्रपिंडातही आढळले. १९९२मध्ये त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांत ते निर्माण करविले. निवळ पाण्यात ठेवताच अंडी फुगून फुटली. पाण्याची वाट सिद्ध झाली. २००३चे रसायनशास्त्राचे नोबेल अ‍ॅग्रे यांना विभागून मिळाले.

१९९३मध्ये जपानी संशोधकांना या प्रथिनाचे भावंड, अ‍ॅक्वापोरिन-२, मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांत गवसले. पेशीच्या आत साठवलेली ही दारे व्हॅसोप्रेसिनच्या आज्ञेने पृष्ठभागावर येतात, आज्ञा ओसरली की माघारी जातात. काही रुग्णांत संप्रेरक भरपूर असूनही गुण का येत नाही, याचा एक उलगडा १९९४मध्ये झाला: त्यांच्यात हे दारच जन्मतः सदोष होते.