गावठाणातील वडिलोपार्जित घर : कागद कोणते, हक्क कोणाचा?

माणदेशातून पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांची आता तिसरी-चौथी पिढी शहरांत नांदते आहे. दहिवडी, म्हसवड, गोंदवले या परिसरातील कोणी मुंबईच्या गिरणीत वा गोदीत गेले, कोणी पुण्याच्या कारखान्यांत रुजू झाले. विटा-आटपाडीकडील गलाई कारागीर तर सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त थेट केरळ-तामिळनाडूपर्यंत पोहोचले. गावातील घर मात्र आजोबांच्या नावाने तसेच उभे राहिले. उरमोडी व टेंभू योजनांचे पाणी या भागात आल्यानंतर शेतीबरोबरच गावठाणातील जागांनाही गिऱ्हाईक येऊ लागले, आणि आजवर कपाटात पडून असलेला प्रश्न नातवंडांपुढे उभा राहिला : हे घर नेमके कोणाचे, आणि ते विकायचे वा दुरुस्त करायचे तर प्रारंभ कोठून करावा?

पहिला घोटाळा उताऱ्याचा होतो. शेतजमिनीस सातबारा असतो. गावठाणातील घरास सर्वसाधारणपणे तो नसतो. घराचा म्हणून जो उतारा ग्रामपंचायतीकडून मिळतो तो नमुना आठ, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा. तलाठ्याकडे मिळणारा ‘आठ-अ’ हा त्याहून निराळा. तो शेतजमिनीच्या खात्याचा. नावातील आठ या आकड्याने अनेकांची फसगत होते. म्हसवडला नगरपरिषद व दहिवडीला नगरपंचायत असल्याने तेथे आकारणीचा उतारा त्या कार्यालयातून मिळतो. परंतु उतारा कोठलाही असो, घरपट्टी कोणाच्या नावाने भरली जाते एवढेच तो सांगतो. मालकीचा तो निर्णायक पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा स्पष्ट केले आहे. गावी राहिलेल्या धाकट्या भावाने सोयीसाठी आपले नाव लावून घेतले असेल, तर त्यामुळे इतर भावंडांचा हिस्सा बुडत नाही; आणि केवळ तेवढ्या नोंदीच्या भरवशावर त्याच्याकडून संपूर्ण घर विकत घेणाऱ्यास पूर्ण मालकीही मिळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. तीत ड्रोनच्या साह्याने गावठाणाचे नकाशे तयार केले जातात. आपल्या गावची पत्रिका तयार झाली आहे काय, याची चौकशी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करावी. शहरात राहणाऱ्यांनी येथे विशेष दक्षता घ्यावयास हवी. मोजणीनंतर जी चौकशी होते तिच्यात जो समोर हजर असतो त्याचे नाव लागण्याचा संभव अधिक. आपले वा आपल्या बहिणीचे नाव राहून गेल्याचे दिसल्यास कुरकुर करीत न बसता मुदतीत अपील करावे. अशा नोंदी जितक्या जुन्या होतात तितके त्यांविरुद्ध बोलणे कठीण होत जाते.

बहिणींचा उल्लेख मुद्दाम केला. ‘वाटण्या केव्हाच झाल्या, मुलींना काही द्यायचे नसते’ हे वाक्य खेड्यातील व्यवहारात आजही सर्रास ऐकू येते आणि हिंदू कुटुंबांपुरते बोलायचे तर ते कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २३ अन्वये, कुटुंबातील माणसे राहत असलेल्या घरात वारस मुलीचा हिस्सा असूनही, पुरुष वारसांनी वाटणी करीपर्यंत तिला ती मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून हे कलम रद्द झाले आणि मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद ठरली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा प्रकरणात ठरविले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. तोंडी वाटणीचा बचाव मात्र सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असल्याखेरीज सहसा मान्य होत नाही. ग्राहकाने हे विशेष ध्यानात ठेवावे. विक्रेत्याच्या बहिणी व आत्या यांच्या सह्या नसलेले खरेदीखत म्हणजे पुढील दाव्याची तयारीच होय.

मग मार्ग कोणता? प्रथम मूळ मालकापासून आजपर्यंतची वंशावळ कागदावर मांडावी आणि मृत्यूचे दाखले गोळा करावेत. वारसांविषयी वाद वा शंका असल्यास १८२७ च्या विनियमानुसार दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेता येतो. एखादा भाऊ वा बहीण स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र करावे. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नातलगांच्या लाभात केलेल्या अशा दस्तास मुद्रांक शुल्क अल्प लागते. परंतु त्याची नोंदणी झालीच पाहिजे. शंभर रुपयांच्या कागदावर घेतलेल्या सह्या, त्यावर सरपंचांची साक्ष असली तरी, येथे उपयोगी पडत नाहीत. हीच गोष्ट कुलमुखत्यारपत्राची. त्याच्या आधारे होणारी ‘विक्री’ मालकी देत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ११ ऑक्टोबर २०११ चा आहे.

सर्व वारस एकमताचे नसतील तर एकाला आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकता येतो काय? येतो, पण घेणाऱ्यास त्या घरात येऊन इतरांसमवेत राहण्याचा हक्क मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ४४ तसे बजावते. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या विभाजन कायद्यानुसार कुटुंबीयांना तो हिस्सा न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस विकत घेता येतो. तेव्हा ‘एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो आहे’ म्हणून हुरळून जाणाऱ्याने आपण घर नव्हे तर दावा विकत घेत आहोत, हे जाणून असावे. व्यवहाराचे पैसेही बँकेमार्फतच द्यावेत. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे.

जुन्या दस्तांविषयी थोडे. आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानाचा भाग, तर जत स्वतंत्र संस्थान. दोन्ही १९४८ मध्ये विलीन झाली. त्याआधीचे कागद संस्थानी मुद्रांकावर असू शकतात, ते रद्दी समजून टाकू नयेत. त्यांत घराचे वर्णन बहुधा ‘खणां’त असते : पूर्वेकडील दोन खण, सोपा, परड्यातील निम्मी जागा. आजच्या चौरस मीटरशी त्याचा मेळ घालताना चतुःसीमा जुळतात की नाही हे जागेवर जाऊन, शेजाऱ्यांसमक्ष पाहावे.

कारण माणदेशातील घर हे सहसा एकटे उभे नसते. पाऊस कमी, म्हणून येथे माळवदाची घरे बांधली गेली : जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर आणि उजेडासाठी सवणे. दोन घरांना एकच सामाईक भिंत असणे ही नित्याची बाब. अशा ठिकाणी एका वारसाने आपले दोन खण उतरवून तेथे काँक्रीटचा सांगाडा उभा करायचे ठरविले, की शेजारच्या तुळयांचा आधारच जातो. वाटणीपत्रात सामाईक भिंत, जाण्यायेण्याचा बोळ आणि पन्हळीचे पाणी कोणत्या बाजूस पडणार यांचा उल्लेख हवा. वीस वर्षे हक्काने व अखंड चालत आलेल्या अशा वहिवाटीस सुविधाधिकाराचा कायदा संरक्षण देतो.

माळवद बंद घरात फार दिवस टिकत नाही. दरवर्षी मृगाआधी वरचे गवत मुळासकट काढून, पन्हळी मोकळ्या करून मातीचा नवा हात द्यावा लागतो. हे चुकले की पाणी भिंतीत उतरते आणि तुळईचे भिंतीतील टोक, जे डोळ्यांना दिसत नाही, तेच प्रथम वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडते. घर विकत घेण्यापूर्वी तेथे टोचून पाहावे. गळतीवर उपाय म्हणून माळवदावर सिमेंटचा कोबा करण्याची टूम अनेक गावांत दिसते. जुन्या लाकडावर त्याने नाहक भार पडतो. घराची देखभाल एखाद्या नातलगाकडे सोपवायची असल्यास त्याच्याकडून परवानगीने राहत असल्याचे पत्र घ्यावे. परवानगीचा ताबा कितीही वर्षांचा झाला तरी मालकीत बदलत नाही. मात्र ती परवानगी होती हे सिद्ध करण्यासाठी कागद लागतो, आणि घरपट्टीची पावतीही शक्यतो दरवर्षी आपल्याच हाताने भरून घ्यावी.