वाँड्सवर्थचा 'महाल': पैसे कोणाचे, घर कोणाचं?

आजचा भाग लंडनच्या एका इमारतीबद्दल. नाव लांबलचक आहे: रॉयल व्हिक्टोरिया पॅट्रिऑटिक बिल्डिंग. दक्षिण लंडनमध्ये, वाँड्सवर्थ कॉमन नावाच्या मोठ्या मैदानाच्या कडेला ती उभी आहे. ऐकता ऐकता तिचे फोटो शोधा. पिवळसर विटा, टोकदार मनोरे, उंच उतरती छपरं. वाटेल, एखाद्या सरदाराचा महालच! पण हे होतं अनाथालय.

गोष्ट सुरू होते क्रिमियाच्या युद्धापासून. 1854 मध्ये ब्रिटन रशियाविरुद्ध युद्धात उतरलं. सैनिकांचे हाल वार्ताहरांनी पेपरात छापले आणि लोक हळहळले. त्याच वर्षी पॅट्रिऑटिक फंड निघाला. 14 लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली! त्यातून सैनिकांच्या विधवांना आणि मुलांना मदत मिळाली, शिवाय 300 अनाथ मुलींसाठी ही इमारत बांधायचं ठरलं.

राणी व्हिक्टोरियाने पायाभरणी केली 11 जुलै 1857 ला. तारीख नीट ऐका. त्याच दिवसांत इकडे नानासाहेब पेशवे कानपुरात होते आणि हॅवलॉकची फौज त्यांच्यावर चालून येत होती. म्हणजे लंडनमध्ये एका युद्धातल्या अनाथांसाठी दगड बसवला जात होता आणि इथे दुसऱ्या युद्धात, दोन्ही बाजूंना, नवे अनाथ तयार होत होते.

आर्किटेक्ट होते हॉकिन्स. त्यांनी नमुना घेतला एडिंबरोच्या हेरियट्स हॉस्पिटलचा. नावात हॉस्पिटल असलं तरी तीही 17व्या शतकात वडील नसलेल्या मुलांसाठी बांधलेली संस्था होती. वाँड्सवर्थची इमारत 1859 मध्ये तयार झाली. मधोमध भव्य सभागृह, दोन्ही बाजूंना बंदिस्त चौक.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठलंही काम आलं की आम्ही आधी विचारतो, पैसे देणारा कोण आणि वापरणारा कोण? इथे पैसे देणारे होते देशभरातले लोक. त्यांना आपल्या देणगीचं काहीतरी दिसायला हवं होतं, आणि मनोरे लांबूनही दिसतात. वापरणाऱ्या होत्या छोट्या मुली. त्यांच्या वाट्याला काय आलं? धुणी, झाडलोट, स्वयंपाक, शिवण. मोठेपणी दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून राबता यावं, याचीच ती तयारी. बाहेरून महाल, आत कडक शिस्त. 1860च्या दशकात तर शिक्षा म्हणून खोलीत कोंडलेली एक मुलगी आगीत जळून मेली.

तिचं भूत तिथे फिरतं, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही, आणि आवडत तर त्याहून नाही. भूत म्हटलं की मजा वाटते आणि दार बाहेरून कोणी लावलं होतं, हा प्रश्न बाजूला पडतो.

पुढे इमारतीने बरेच अवतार घेतले. पहिल्या महायुद्धात ती लष्करी हॉस्पिटल झाली. डर्वेंट वुड नावाचे शिल्पकार तिथे चेहरा विद्रूप झालेल्या सैनिकांसाठी धातूचे पातळ मुखवटे बनवायचे. मुखवटा त्या माणसाच्या जुन्या फोटोवरून घडवायचा आणि कातडीच्या रंगात रंगवायचा. दुसऱ्या महायुद्धात एमआय5 या गुप्तचर खात्याने इथे युरोपातून पळून आलेल्या हजारो निर्वासितांची चौकशी केली, त्यांच्यात जर्मन हेर आहेत का हे शोधायला. बंदिस्त चौक इथेही सोयीचेच पडले असणार.

युद्धानंतर शाळा भरली. मग शाळाही गेली आणि इमारत ओस पडली. पावसाने, चोरांनी, कबुतरांनी ताबा घेतला. आगीत सभागृहाचं छतही गेलं. शेवटी 1980 मध्ये ती विकली गेली, किंमत फक्त 1 पौंड! अट एकच, नीट दुरुस्त करायची. आज तिथे फ्लॅट आणि स्टुडिओ आहेत.

इमारत वाचली याचा मला आनंदच आहे. पण जुनी वास्तू बघताना आपण मान वर करून मनोरे मोजतो. पुढच्या वेळी, अगदी आपल्या गावातल्या वाड्यात गेलात तरी, मागच्या बाजूला एक चक्कर मारा. धुणी कुठे धुतली जायची, कडी कुठल्या बाजूला होती, तेवढं बघा. बांधणाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवर असतं. राहणाऱ्यांचं आपल्यालाच शोधावं लागतं.

भेटू पुढच्या भागात!