आत कापड ठेवलंय का?

शिंप्याच्या दुकानात टेप तुमच्या खांद्यावरून फिरतेय आणि नेहमीचं वाक्य तोंडातून निघतं, “मास्तर, आत दोन बोटं कापड राहू द्या, पुढे सैल करायला.” मास्तर मान हलवतात. तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा जुलै 2010 आणि गाव ॲमस्टरडॅम. फॅशन वीकच्या गर्दीत डच डिझायनर इरिस व्हान हेर्पेनचा ‘क्रिस्टलायझेशन’ संग्रह समोरून चाललाय. एका मॉडेलच्या अंगात शंखासारखा, वळ्यावळ्यांचा पांढुरका टॉप आहे. डॅनियल विड्रिग या आर्किटेक्टबरोबर तो संगणकावर घडवला आणि मग यंत्राने थरावर थर चढवत छापला. देखणा आहे, पण टणक. हे घालून मांडी घालायची कशी, असं तुमच्या मनात येतं. रास्तच आहे.

मार्च 2013, न्यूयॉर्क. बर्लेस्क नर्तकी डिटा व्हॉन टीसच्या अंगावरचा काळा जाळीदार गाऊन तिच्याबरोबर हलतोय, कारण त्यात जवळपास 3,000 सांधे आहेत. पण तो छापला 17 तुकड्यांत, आणि तुकडे म्हटले की जोडकाम आलंच.

2014 साली मात्र जरा रेंगाळा. न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात, लाँग आयलंड सिटीतला शेपवेज या थ्रीडी छपाई कंपनीचा कारखाना. यंत्राच्या पोटात नायलॉनची पांढरी पूड आहे, पिठीसाखरेसारखी. तिचा कागदाएवढा थर पसरतो, लेसर हवी तेवढीच जागा वितळवून सांधतो, त्यावर पुन्हा थर. असं जवळपास दोन दिवस. मग निवायची वाट बघायची. घाई केली तर माल वाकडा होतो.

आता पुडीचा ढिगारा फोडताहेत. हातमोजे घातलेली माणसं तो ब्रशने अशी उकरतात, की उत्खननच वाटावं. आतून निघतो एक चुरगळलेला गठ्ठा. तो उचलतात, झटकतात, आणि पुडीचा धुरळा उडवत तो उलगडत जातो. हा ‘नर्व्हस सिस्टिम’ या डिझाइन स्टुडिओचा किनेमॅटिक्स ड्रेस: 2,279 त्रिकोण, एकाचा आकार दुसऱ्यासारखा नाही, आणि 3,316 बिजागऱ्या. सगळं एकसंध छापलेलं. बिजागरीच्या दोन भागांमध्ये बारीकशी फट राखलेली, नाहीतर दोन्ही एकमेकांत वितळून बसले असते.

अख्खा ड्रेस यंत्रात मावत नव्हता, म्हणून संगणकातच त्याची घडी घातली आणि घडीसकट छापला. आपल्याकडे लुगडं आधी विणतात, मग घडी. इथे घडी आधी. मला या सगळ्या प्रकारात लेसरपेक्षा हीच अक्कल मोठी वाटते.

तुम्ही हात लावता. एकेक त्रिकोण कडक, तरी ड्रेस झुळझुळतो. बेतणं झालंय तेही संगणकात, घालणारीच्या शरीराचं स्कॅन घेऊन. मोठा, मधला, लहान असे साचे नाहीत. एक अंग, एक ड्रेस. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या कलासंग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. रोज धुवून वाळत घालायचं वस्त्र अर्थात हे नव्हे. घामाच्या दिवसांत नायलॉनचे त्रिकोण अंगाला चिकटवून लोकल पकडून बघा.

सवयीने तुम्ही कड उलटता. शिवण नाही. उसवायला दोरा नाही, सैल करायला आत कापड नाही. वर्षभराने ही बाई थोडी भरली तर? आकडे बदलायचे आणि पुन्हा छापायचं, नवा ड्रेस, नव्याने दोन दिवस. मास्तरांनी हेच काम ब्लेडने टाके काढून, पुन्हा एक टीप मारून संध्याकाळपर्यंत दिलं असतं.

तुमची नजर खाली जाते. न वितळलेली पूड गोळा करताहेत; ताजी मिसळून ती पुन्हा वापरायची, सगळीच नाही, कारण तापून तापून तीही जुनी होते. बाकी फरशी लख्ख. कातरणाचा एक तुकडा नाही, एक चिंधी नाही. या घरच्या आजीने गोधडीला काय लावायचं?