फ्रान्समधील दैनंदिन छायाचित्रण आणि रस्त्यावरील माणसाचा चेहरा

इ. स. १८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसमधील बूल्व्हार द्यु ताँपल या हमरस्त्याचे उंचावरील एका खिडकीतून छायाचित्र घेतले. नाटकगृहांनी गजबजलेला तो भाग. परंतु चित्रात रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत, व तेवढ्या अवधीत जे जे हलले ते सर्व पुसले गेले. जोडे साफ करून घेण्यासाठी एक पाय उचलून उभा राहिलेला इसम तेवढा स्पष्ट उरला. मनुष्याच्या उपलब्ध छायाचित्रांपैकी हे बहुधा सर्वांत जुने होय. आपले चित्र निघत आहे याची त्या इसमास वार्ताही नसावी.

या कलेचा इतिहास बहुधा यंत्रांच्या सुधारणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. फ्रान्सच्या बाबतीत तेवढे पुरेसे नाही. रस्त्यावरील माणूस चित्रात केव्हा आला, आणि आल्यावर आपल्या चेहऱ्यावर त्याने केव्हा हक्क सांगितला, हाही त्या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

या दृष्टीने यूजेन अतजे (१८५७–१९२७) याचे काम विशेष विचारार्ह ठरते. प्रथम खलाशी व नंतर नट म्हणून उदरनिर्वाह केलेल्या या गृहस्थाने सुमारे तीस वर्षे जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, जिने आणि अंगणे टिपली. लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ × २४ सेंटिमीटरच्या काचपट्ट्या असा जड सरंजाम तो स्वतः वाहून नेत असे. आपल्या चित्रांना तो कलाकृती न म्हणता ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ म्हणे. हे शब्द निव्वळ विनयाचे नव्हेत. चित्रकारांस व ग्रंथालयांस चित्रे विकणे हाच त्याचा व्यवसाय होता. १९२० मध्ये त्याने सुमारे २,६०० काचपट्ट्या फ्रेंच शासनास १०,००० फ्रँकांस विकल्या. त्याच्या चित्रांत माणसे दोन प्रकारे येतात. १८९९–१९०० च्या सुमारास घेतलेल्या फिरत्या विक्रेत्यांच्या चित्रांत ती कॅमेऱ्यासमोर थांबलेली आहेत. अशा यंत्रापुढे थांबणे म्हणजेच संमती देणे होय. उलट, गल्लीतून नुसता जाणारा माणूस धुरकट डाग होऊन उरतो. ज्याने संमती दिली त्याला चेहरा मिळाला, ज्याने दिली नाही त्याला मिळाला नाही. यंत्राच्या मंदपणाने घातलेली ही मर्यादा कोणत्याही कायद्याहून कडक होती.

१९२५ मध्ये लायका हा हातात मावणारा जर्मन कॅमेरा बाजारात आला आणि ती मर्यादा संपली. आंरी कार्तिये-ब्रेसाँ याने १९३२ मध्ये साँ-लाझार स्थानकामागे पाण्याच्या डबक्यावरून उडी मारणारा माणूस अधांतरीच टिपला. त्याच्या १९५२ च्या ग्रंथाचे फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे आहे. ‘आ ला सोव्हेत’ हा प्रयोग मुख्यतः परवाना नसलेल्या फेरीवाल्याच्या विक्रीस लावतात. शिपाई दिसताच गाठोडे उचलून पळण्याच्या तयारीत असलेला तो विक्रेता. इंग्रजी आवृत्तीस मात्र ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचे नाव दिले गेले आणि तेच जगभर रूढ झाले. मूळ नावात चोरटेपणाची जी कबुली होती ती या भाषांतरात हरवली. छायाचित्रकाराच्या नीतीची चर्चा पुढे क्षणाच्या सौंदर्याभोवतीच फिरत राहिली, याला हे नावही काही अंशी कारणीभूत असावे.

न्यायालयांपुढे हा प्रश्न मात्र फार पूर्वीच आला होता. राशेल ही विख्यात नटी जानेवारी १८५८ मध्ये निवर्तली. मृत्युशय्येवरील तिच्या रूपाचे एक रेखाचित्र विक्रीस आले, तेव्हा तिच्या बहिणीने दाद मागितली व त्याच वर्षी १६ जून रोजी पॅरिसच्या न्यायालयाने ते जप्त करविले. १७ जुलै १९७० च्या कायद्याने खाजगी जीवनाचा आदर हा नागरी संहितेच्या नवव्या कलमात प्रविष्ट झाला, आणि त्याच्या आधारे स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क न्यायाधीशांनी दृढ केला. गर्दीतील अथवा वृत्तप्रसंगातील चेहऱ्यास सवलत आहे. एकटा, ओळखू येणारा चेहरा प्रसिद्ध करणे जोखमीचे.

रोबेर द्वानो याचे नगरभवनासमोरील चुंबनाचे चित्र (१९५०) येथे आठवते. ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी घेतलेले हे चित्र पुढे भित्तिपत्रक म्हणून घरोघरी गेले. ते प्रेमिक आपणच, असे सांगून एका दांपत्याने दावा लावला. त्यास उत्तर देताना द्वानोला उघड करावे लागले, की चुंबन घेणारी दोघे नाट्यविद्यार्थी होती व त्याने त्यांना मुद्दाम उभे केले होते. १९९३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला. उत्स्फूर्त पॅरिसचे प्रतीक मानले गेलेले ते चित्र, अतजेच्या विक्रेत्यांप्रमाणेच, संमतीने थांबलेल्या माणसांचे होते.