नॅशनल पब्लिक रेडिओ चित्रफीत प्रकरण

अमेरिकेतील नॅशनल पब्लिक रेडिओ (एनपीआर) या नभोवाणी संस्थेच्या निधिसंकलन अधिकाऱ्याचे छुपे चित्रीकरण व त्याचे दिशाभूल करणारे संपादन यांतून २०११ मध्ये उद्भवलेला वाद.

१९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सार्वजनिक प्रसारण निगमाचा (पहा : सार्वजनिक प्रसारण) पैसा मुख्यतः स्थानिक केंद्रांकडे जाई, त्यातील काही भाग कार्यक्रमशुल्कातून एनपीआरला मिळे. ऑक्टोबर २०१० मध्ये एनपीआरने हुआन विल्यम्स या विश्लेषकाचा करार रद्द केल्यावर रिपब्लिकन नेत्यांनी हे सरकारी अनुदान थांबविण्याची मागणी लावून धरली.

उजव्या विचारांचे कार्यकर्ते जेम्स ओकीफ यांच्या प्रोजेक्ट व्हेरिटास या गटाच्या दोघांनी मुस्लिम संस्थेचे प्रतिनिधी असल्याची बतावणी केली आणि ५० लाख डॉलर देणगीचे आमिष दाखवून एनपीआरचे निधिसंकलन अधिकारी रॉन शिलर यांना बोलते केले. सुमारे दोन तासांचे संभाषण साडेअकरा मिनिटांवर आणून ८ मार्च २०११ रोजी प्रसृत केले गेले. टी पार्टी या पुराणमतवादी चळवळीवरील टीकेतला काही भाग शिलर यांनी इतरांचे मत म्हणून सांगितला होता. तो संदर्भ गळला. देणगीमुळे वृत्तांकनावर प्रभाव पडत नाही, हे त्यांचे म्हणणेही वगळले गेले. एका ठिकाणची प्रतिक्रिया दुसऱ्याच वाक्यानंतर जोडलेली होती. हे फेरफार प्रथम ठळकपणे दाखविले ते द ब्लेझ या उजव्या विचारांच्याच संकेतस्थळाने. सरकारी पैशाविना एनपीआरचे दीर्घकाळात भलेच होईल, हे वादग्रस्त विधान मात्र शिलर यांनी खरोखरच केले होते.

एनपीआरच्या मुख्याधिकारी व्हिव्हियन शिलर (रॉन यांच्याशी नाते नाही) यांनी ९ मार्च रोजी पद सोडले. १७ मार्च रोजी प्रतिनिधिगृहाने अनुदानबंदीचे विधेयक २२८ विरुद्ध १९२ मतांनी संमत केले. सिनेटने ते विचारात घेतले नाही. पुढे सार्वजनिक प्रसारण निगमाचे सुमारे १.१ अब्ज डॉलरचे अनुदान जुलै २०२५ च्या कायद्याने रद्द झाले.